ओगासा मोटरची माफी

कामाकुरा
३ नोव्हेंबर २०१६

चिझुरू,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं मदर बेर्नादेत यांनी आपल्याला सहा वर्षं शिकवलं. आज मला ते जमणार नाही. इथे हवा आहे, पाणी आहे आणि मी संतापलेली आहे.

निवृत्तांच्या मंडळाकडून सकाळी पाकीट आलं. पुढच्या वर्षी ओगासा मोटरला सत्तर वर्षं होतात, म्हणून कंपनीचा इतिहास छापतायत. जाडजूड, कापडी बांधणीचा, जो सगळे दर्शनी कपाटात ठेवतात आणि कुणी उघडत नाही. मी उघडला. मुद्रितं तपासायला पाठवली आहेत ना, मग मी तपासणारच. संस्थापकांच्या हातपंपापासून सुरुवात आहे. मग युद्धानंतर उरल्यासुरल्या नळ्या जोडून केलेली, चहाची पोती वाहणारी तीनचाकी. मग एकसष्ट सालची पहिली मोटार, हिबारी. चंडोलाचं नाव दिलं आणि चढावर ती खरोखरच चंडोलासारखी किंचाळायची, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आणि मग पान दोनशे बारा. 'एका पत्राने घडवलेली कीर्ती'. अर्धं पान भरून तुझा फोटो!

खाली मजकूर असा: 'सन १९६६ मध्ये एका अमेरिकन ग्राहकाच्या तक्रारीला निर्यात विभागातील कु. चिझुरू हागिवारा यांनी माफीपत्र पाठवले. ओगासा आधी माफी मागते, मग बॉनेट उघडते, हा जगभरचा लौकिक त्या पत्राने मिळवून दिला.'

ते पत्र तू लिहिलंस? तू? जिने एका गिऱ्हाइकाला 'आमची गाडी आपली आज्ञाधारक सेविका आहे' असं लिहिलं होतं आणि त्याने उलट टपाली 'मग ती भांडी घासते का' असं विचारलं होतं, ती तू?

ते पत्र माझं आहे. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तुला हे ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. पंधरा डिसेंबरला छपाई सुरू होते. त्याआधी त्या इतिहास कक्षातल्या ओंदाबाईंना कळव की घोटाळा झालाय. दोन ओळींचं काम आहे.

संत्र्यांची पेटी पोहोचली. चार नासकी निघाली.

(अजून तरी) तुझी मैत्रीण,
मिनेको


काकेगावा
९ नोव्हेंबर

प्रिय मिनेको,

चहाच्या झुडपांना पांढरी फुलं आली आहेत आणि पश्चिमेचा कोरडा वारा यंदा लवकर सुटलाय. तुझे गुडघे कसे आहेत? चारच नासकी निघाली हे ऐकून बरं वाटलं. शेजारणीच्या पेटीत अकरा होती.

पानाचं म्हणशील तर त्यात माझी काहीच करामत नाही. ओंदाबाईंना जुन्या कागदांच्या पेटीत त्या पत्राची स्थळप्रत सापडली. खाली लिहिणाऱ्याचा शिक्का, तांबड्या शाईत 'हागिवारा'. बाई घरी आल्या. वयाने चाळिशीच्या, फार अदबीच्या. म्हणाल्या, "मोचिझुकीबाई, लग्नाआधीचा तुमचा शिक्का हाच का?" मी म्हटलं, "हाच. बाबांनी करून दिलेला. डाव्या कोपऱ्याचा टवका उडालाय, बघा." जेवढं खरं तेवढंच मी सांगितलं.

फोटो संग्रहालयात काढला, लाल हिबारीशेजारी. फोटोवाला म्हणाला, "आजी, बॉनेटवर हात ठेवा." मी म्हटलं, "बाबा रे, या गाडीवर हात ठेवला की ती तापते." सगळे खूप हसले. मला वाटतं त्या हसण्यामुळेच फोटो बरा आला. तुला कसा वाटला? तू काही लिहिलं नाहीस.

आणखी एक गंमत. आपल्या शाळेने मला मुलींसमोर बोलायला बोलावलंय. मदरांच्या त्याच हॉलमध्ये. विषय आहे 'इंग्रजी आणि मी'. काय बोलावं ते सुचत नाहीये. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा पहिल्यापासून चांगलं. चार मुद्दे काढून देशील का?

तुझी,
चिझुरू


कामाकुरा
१२ नोव्हेंबर

चिझुरू,

इंग्रजी आणि तू! मदर बेर्नादेत कबरीत उठून बसल्या असतील.

तुला मुद्दे हवेत? घे. त्या माणसाचं नाव प्रुइट. गाव बेकर्सफील्ड. त्याने हिबारी घेतली आणि चौदा महिने तिच्यात तेलाचा एक थेंब घातला नाही. इंजिन जॅम झालं तेव्हा त्याने आपल्याला तीन पानी पत्र धाडलं. 'तुम्ही लोक शिवणयंत्राला चाकं लावून विकता,' असं त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. तेव्हा सगळं जग हेच म्हणत होतं. जपानी गाडी म्हणजे पत्र्याचं खेळणं.

उत्तर काय द्यायला हवं होतं? साहेब, तेल घाला. पण आपल्याकडे असं कोणी लिहितं का? शेजाऱ्याचं मूल आपल्या पायरीवर घसरलं तरी आपण आधी वाकतो. तसंच मी इंग्रजीत वाकले. लिहिलं की तेल घालायला हवं हे आम्ही तुम्हाला समजावू शकलो नाही, ही आमच्या माहितीपुस्तकाची लाज आहे. तुम्हाला झालेल्या मनस्तापाची आम्हाला शरम वाटते. चूक सर्वस्वी आमची आहे. आपल्याकडे हे नमस्कारासारखं लिहितात. ते तिकडे कबुलीजबाब म्हणून वाचतील हे मला कुठे ठाऊक? त्याने ते पत्र थेट वकिलाकडे नेलं.

पुढचं छापलंच आहे. अध्यक्षांनी नवं इंजिन धाडलं, सोबत एक मेकॅनिक धाडला. मेकॅनिक प्रुइटच्या अंगणात पोहोचताच आधी कमरेत वाकला आणि मग त्याने हत्यारांची पेटी उघडली. त्याचा फोटो तिथल्या पेपरात आला. 'गिऱ्हाइकाच्या चुकीबद्दल माफी मागणारी कंपनी.' दोन वर्षांत तिकडची विक्री चौपट झाली. त्या एका वाक्यावर ही कंपनी उभी आहे, चिझुरू, आणि ते वाक्य माझं आहे.

शिक्क्याचं फार काही सांगू नकोस. पत्र तुझ्या ट्रेमध्ये होतं, तू ऑगस्टमध्ये ओबोनला, पितरांच्या सणाला, घरी गेली होतीस, मी तुझं काम हलकं केलं. त्या विभागात सगळ्याच एकमेकींचे शिक्के वापरायच्या. त्यात एवढं काय?

आणि फोटोबद्दल विचारतेस. बॉनेट चकचकीत दिसतंय.

मिनेको


काकेगावा
२४ नोव्हेंबर

प्रिय मिनेको,

उत्तराला उशीर झाला. यांना खोकला होता, आणि तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

किती छान लिहिलं आहेस सगळं. फक्त ऑगस्ट आणि तो पेपरातला फोटो यांच्या मध्ये एक ऑक्टोबर होता, तो तुझ्या पत्रात मला सापडला नाही. मला तो चांगला आठवतो, म्हणून लिहिते. तुझ्या इतिहासाला उपयोगी पडेल.

ऑक्टोबरमध्ये वकिलाची नोटीस आली. विभागप्रमुख मुरामात्सुसाहेबांनी स्थळप्रत मागवली आणि अख्ख्या विभागासमोर ओरडले, "हागिवारा! कंपनी बुडवायला निघालीस का? हा तुझाच शिक्का ना?" मी बघितलं. शिक्का माझाच होता. पत्र तर मी पहिल्यांदाच बघत होते. मी तुझ्याकडे पाहिलं. तू टाइपरायटरची फीत बदलत होतीस. फार वेळ बदलत होतीस. मी म्हटलं, "हो, माझाच."

मला सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला दार, या वाऱ्यात डोळ्यांत वाळू. दोन वर्षं मी रोज सकाळी ऑफिसचा स्कर्ट घालून घरातून निघायचे आणि गोदामात पोहोचल्यावर कामाची पँट चढवायचे, बाबांना कळू नये म्हणून. मुलगी कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिते, असं बाबा चहाच्या कारखान्यात प्रत्येकाला ऐकवायचे. एकदा शरदातल्या जत्रेत कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्यानंतर त्यांनी कंपनीचं नाव कधी काढलं नाही. एकाहत्तर साली गेले. आपल्या मुलीने काहीतरी भलतंच लिहून ठेवलं, असं समजून गेले.

मी गोदामात गेले त्याच्या पुढच्याच वसंतात मुरामात्सुसाहेबांच्या पुतण्याशी तुझं लग्न झालं. बोलणी ऑक्टोबरमध्ये चालू होती ना? मला नंतर कळलं.

राग म्हणून लिहीत नाही. गोदामात मला मोचिझुकी भेटला, त्याची तक्रार मी कशाला करू? तू म्हणतेस पत्र तुझं, तर असेलही. मग ओंदाबाईंना तसं लिही. फक्त पूर्ण लिही, ऑक्टोबरसकट. नाहीतर पान आहे तसं राहू दे. शाळेने भाषणाची पोस्टरं लावली आहेत म्हणे. फाटकावरसुद्धा एक आहे.

तुझी,
चिझुरू


कामाकुरा
१ डिसेंबर

श्रीमती ओंदा,
इतिहास कक्ष, ओगासा मोटर,

पान क्र. २१२ वरील मजकूर चुकीचा आहे. दुरुस्ती पुढीलप्रमाणे.

ते पत्र मी लिहिलं. माझं त्या वेळचं नाव कु. मिनेको कात्सुमाता. पुरावा हवा असल्यास स्थळप्रतीतला तिसरा परिच्छेद पाहावा. त्यात अर्धविराम आहे. त्या विभागात अर्धविराम कुठे द्यावा हे फक्त मला कळत होतं. कु. हागिवारा यांनी आयुष्यात अर्धविराम वापरलेला नाही.

पत्रावर शिक्का कु. हागिवारा यांचा आहे, कारण तो मी त्यांच्या खणातून काढून मारला. त्या वेळी त्या रजेवर होत्या. त्यांना विचारलेलं नव्हतं.

मला इथेच थांबायला आवडलं असतं. एका आठवड्यापूर्वीपर्यंत मी हेही सांगत होते की विभागात सगळ्याच एकमेकींचे शिक्के वापरायच्या. ते खरं आहे, पण हजेरीपुस्तकासाठी. माझा स्वतःचा शिक्का त्या दिवशी माझ्या पिशवीत होता. इंजिनाच्या तक्रारीचं उत्तर अभियांत्रिकी विभागाच्या मंजुरीशिवाय पाठवायचं नाही असा नियम होता. अभियंते ओबोनच्या सुट्टीवर होते. पत्र इतकं चांगलं झालं होतं की मला ते त्याच दिवशी टपालात टाकायचं होतं. आणि उद्या काही उलटलं तर माझं नाव त्यावर नको होतं. मी दुसरा शिक्का उचलला तेव्हा हे मला कळत होतं.

ऑक्टोबरमध्ये प्रकरण उलटलं. विभागप्रमुखांनी सर्वांसमोर विचारलं. मी गप्प बसले. त्यांच्या पुतण्याशी माझं लग्न ठरत होतं. कु. हागिवारा दोन वर्षं गोदामात होत्या. मी त्या काळात निर्यात विभागात राहून माफीची आणखी दोनशे चौदा पत्रं लिहिली आणि माझी वरिष्ठ पत्रलेखक म्हणून बढती झाली.

वरील सर्व मजकूर माझ्या नावासकट छापावा. कमी करू नये. कु. हागिवारा यांचा फोटो काढून टाकावा. मी लिहिलेल्या पत्राखाली त्या हसतायत, हे मी सहन करू शकत नाही. हे कारण छापलं नाही तरी चालेल.

मिनेको मुरामात्सु


काकेगावा
८ डिसेंबर

माननीय मुरामात्सुबाई,

थंडीचा कडाका वाढत असताना आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आपल्या पत्रामुळे इतिहास कक्षाच्या संशोधनातील उणीव लक्षात आली, याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपल्याला झालेल्या मनस्तापाला सर्वस्वी आम्ही जबाबदार आहोत.

समितीने आपल्या पत्राचा विचार केला. कंपनीच्या गौरवग्रंथात एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याचा शिक्का वापरल्याचा उल्लेख करणं उचित होणार नाही आणि त्याशिवाय आपलं नाव देणं खरं होणार नाही, असं समितीचं मत पडलं. म्हणून मजकूर पुढीलप्रमाणे बदलला आहे: 'निर्यात विभागातील एका महिला कर्मचाऱ्याने माफीपत्र पाठवले.' छायाचित्राच्या जागी केवळ हिबारीचं छायाचित्र घेतलं आहे.

नियमानुसार आपल्या पत्राची प्रत संबंधित व्यक्ती म्हणून श्रीमती मोचिझुकी यांना पाठवली आहे.

जाता जाता एक सांगू का? हे पुढचं कंपनीचं नाही, माझं समजा. मी तो तिसरा परिच्छेद काढून वाचला. अर्धविराम फार सुंदर आहे.

आपली नम्र,
क. ओंदा


काकेगावा
५ जानेवारी २०१७

प्रिय मिनेको,

नवं वर्ष सुखाचं जावो. यंदा तुझं शुभेच्छापत्र आलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

ओंदाबाईंनी तुझ्या पत्राची प्रत पाठवली. मी ती बाबांच्या फोटोपुढे बसून मोठ्याने वाचली. अर्धविरामाच्या वाक्याला थांबले, कारण बाबांना ते कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीटसं कळत नाही. बाकी सगळं वाचलं. यांनी शेजारच्या खोलीतून विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?" मी म्हटलं, "ऑफिसचं काम आहे."

आता माझी कबुली. शाळेने मला कधी बोलावलं नव्हतं. पोस्टरं लागली नव्हती. 'इंग्रजी आणि मी'! मिनेको, तू यावर विश्वास ठेवलास? ओंदाबाई शिक्का घेऊन घरी आल्या त्या दिवशी मी त्यांना सांगू शकले असते की पत्र माझं नाही. जिभेवर आलं होतं. मग वाटलं, पन्नास वर्षं तू ती लाज आरामात पचवलीस. पण माझा फोटो तुला पचणार नाही. शाळेपासून तुला ओळखते. नाताळच्या नाटकात मला देवदूताचं काम मिळालं आणि तुला मेंढीचं, तेव्हा तू आठ दिवस जेवली नव्हतीस.

म्हणून मी फोटोत इतकी हसले. ते माझ्या त्या विनोदामुळे नव्हतं.

तर आता तुझं नाव नाही, माझंही नाही. गाडी आहे. ती बिचारी कुणाचा हेवा करत नाही.

फक्त एक राहिलंय. तुझं पत्र फार प्रामाणिक आहे, मी ते सांभाळून ठेवणार आहे. पण ते ओंदाबाईंना लिहिलेलं आहे. प्रुइटला तू लिहिलंस. दोनशे चौदा अनोळखी लोकांना लिहिलंस, ज्यांनी तेल घातलं नाही, ज्यांनी हँडब्रेक लावून गाडी हाकली, त्यांना सगळ्यांना. मी तुझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचे. माझ्यापर्यंत टपाल पोहोचायला एवढा वेळ लागावा असं काही अंतर नव्हतं.

गुडघ्यांना शेक देत जा.

चिझुरू


कामाकुरा
३० जानेवारी

चिझुरू,

चूक माझी होती. तुझा शिक्का मी जाणूनबुजून उचलला. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी तुला पाहिलं होतं. फीत बदलून झाली होती. मी ती पुन्हा काढून पुन्हा घातली.

तुझ्या बाबांची क्षमा मागायची आहे. ती कशी मागायची ते मला माहीत नाही. तू वाचून दाखवशील तर हे पत्रही दाखव.

आणखी एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. गोदाम सुटलं की मोचिझुकी तुला सायकलवर मागे बसवून फाटकातून बाहेर काढायचा. निर्यात विभागाच्या खिडकीतून ते दिसायचं. तू त्याची टोपी हिसकायचीस आणि तो ओरडायचा, "अगं पडशील, वेडे!" माझ्या टेबलावर नव्या पदाची पाटी होती, माझं लग्न चांगल्या घरात झालं होतं, आणि मी रोज साडेपाचला उठून खिडकीशी जाऊन उभी राहायचे. तुला शिक्षा झाली होती आणि हेवा मी करत होते. तो अजून संपलेला नाही. तुझ्या पत्रात त्याचा खोकला आला तेव्हाही मला वाटलं, हिला काळजी करायला कुणीतरी आहे.

माझी बढती तुझी होती असं मी म्हणणार नाही. तुला ते काम जमलं नसतं. पण निर्यात विभागातली ती खोली तुझी होती.

या पत्राला चार आठवडे लागले. हा सातवा मसुदा आहे. आधीचे सहा फार सुरेख उतरले होते, म्हणून मी ते फाडले.

मिनेको